आडनाव बघू नकोस, कूळ विचार

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

सराव पेपरात ‘ऑर्थोपेडिक’ चुकला म्हणून रात्री साडेअकराला तू वहीच्या पानाचा फोटो पाठवलास. वर लाल शाईत ‘पी-ई-डी म्हणजे पाय’, खाली चाळीसेक शब्दांची रांग, आणि तुझा प्रश्न: ‘काका, नियम पाळूनही चुकतंय कसं?’

अगं, तो नियम नाहीच. ते आडनाव आहे. तुमच्या आळीत दोन जोशी राहतात. त्यांचं सोयरसुतक एक आहे का? आडनाव बघू नकोस, कूळ विचार.

पायाचं कूळ खरं आहे, नाही असं नाही. लॅटिनमधला ‘पेस’, त्याचंच रूप ‘पेदिस’. संस्कृतातल्या ‘पाद’चा हा सख्खा चुलतभाऊ. पेडल, पेडेस्ट्रियन, पेडेस्टल ही त्याची पोरं. १९७२ साली आलेली लूना आठवते का तुझ्या बाबांना? तिला मोपेड म्हणत ते मोटर आणि पेडल यांची मोट बांधून. ‘इम्पीड’ तू ‘अडथळा आणणे’ असा पाठ केलास. पाठ कशाला करायचा? त्याच्या पोटात पाय अडकवणं आहे. आपण ‘खोडा घालणे’ म्हणतो तेव्हा दुसरं काय म्हणतो? खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड. पाय अडकला तर इम्पीड, मोकळा केला तर एक्स्पिडाइट, म्हणजे काम झटपट पुढे नेणं. हे एकदा कळलं की विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

आता दुसरे जोशी. ग्रीकमध्ये ‘पाइस’, त्याचं रूप ‘पाइदोस’, म्हणजे मूल. पीडिॲट्रिक्स, म्हणजे मुलांच्या आजारांचं शास्त्र, या घरातलं. पेडागॉजी, म्हणजे शिकवण्याचं शास्त्र, तेही इथलंच, मुलाला शाळेत सोडायला जाणाऱ्या गुलामाला ग्रीक लोक ‘पाइदागोगोस’ म्हणत, त्यावरून आलेलं. एन्सायक्लोपीडियातलं शेपूट म्हणजे मुलाला द्यायचं शिक्षण. आणि तुझं ते ऑर्थोपेडिक! निकोला आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १७४१ साली तो शब्द घडवला: ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ, पुढे मूल. वाकड्या हाडाची मुलं सरळ वाढवायची विद्या. खुंटाला बांधलेलं वाकडं रोपटं हे त्याचं चित्र आजही हाडांच्या डॉक्टरांची खूण आहे. पाय त्यात कुठेच नाही. ब्रिटिश लोक ऑर्थोपेडिक, पीडिॲट्रिक, एन्सायक्लोपीडिया यांत ‘पी’नंतर अजून ‘ए’ लिहितात. अमेरिकनांनी तो गाळला आणि दोन्ही घरांच्या दारावर एकच पाटी लागली.

मला हे कुणी सांगितलं नाही. १९८३ साली नोकरीच्या मुलाखतीत ‘पीडिॲट्रिशन’चा अर्थ विचारला. तुझ्यासारखीच वही मीही घोकली होती. छातीठोकपणे म्हणालो, ‘पायाचा डॉक्टर.’ समोरचे तिघे हसले. नोकरी गेली. आता, नुसत्या त्या उत्तरामुळे गेली असं मी आजही मानत नाही, आणि त्या तिघांतल्या एकालाही माझं का चुकलं हे सांगता आलं नसतं, हे मी लिहून देतो. त्यांना उत्तर माहीत होतं, कूळ माहीत नव्हतं. असो. तू म्हणशील, काकांची जुनी रड. रड तर रड, पण त्या दिवसापासून मी यादी पाठ केली नाही.

आणखी काही तर कोणत्याच जोशांचे नाहीत, नुसते तोतये. स्टॅम्पीड म्हणजे चेंगराचेंगरी; इतके पाय तुडवतात म्हणून तू शपथेवर पाय सांगशील. पण तो स्पॅनिश ‘एस्ताम्पीदा’वरून आला, त्यातला ‘पीड’ पायाचा नव्हेच. टॉर्पेडो हे लॅटिनमध्ये विजेचा झटका देणाऱ्या माशाचं नाव, अंग बधिर करणारा म्हणून. याउलट पेडिग्री! ती कुत्र्याच्या खाऊची पाकिटं बघून कुणाच्या मनात पाय येईल? पण वंशावळीत फाटे दाखवायला काढलेली रेघोटी फ्रेंचांना करकोच्याच्या पायासारखी दिसली, त्यावरून तो शब्द. खुद्द ‘कूळ’ सांगणारा शब्दच पायावर उभा आहे, आणि तू तो यादीत ‘अपवाद’ म्हणून खोडलास! खोडायच्या आधी विचारायचं गं, जरा विचारायचं.

असं कूळ विचारत बसलं तर पंधरा शब्दच होतील दिवसाला, चाळीस नाही, अशी तुझी तक्रार येणार. होऊ देत पंधरा.

एक शब्द तुझ्या पानावर नव्हता, कारण त्यात ‘डी’ नाही. पीऑन. आपण प्यून म्हणतो तो. पायी चालणारा शिपाई म्हणजे लॅटिनमध्ये ‘पेदो’. तिथून पोर्तुगीज, तिथून इंग्रज, तिथून आपल्या कचेऱ्या. बुद्धिबळातला इंग्रजी ‘पॉन’ त्याचा भाऊ. आपलं प्यादं फारसीतून आलं, पण मूळ तेच. पायजम्यातला ‘पाय’सुद्धा. आडनावं सगळी वेगळी, कूळ एक.

माझे वडील प्यून होते. त्या १९८३च्या अर्जात वडिलांच्या व्यवसायासमोर मी ‘सर्व्हिस’ लिहिलं होतं. शब्दाची लाज वाटली. तो शब्द कुठून चालत आला हे मला पन्नाशीनंतर कळलं, तोवर ते गेले होते. त्यांचा पितळी बिल्ल्याचा पट्टा ट्रंकेत आहे.

रविवारी ये. वही घेऊन ये, फोटो पाठवू नकोस. माझ्या चष्म्याला ती लाल शाई दिसत नाही.

तुझा,
काका