आडवी बाटली आणि परतलेला माणूस

प्रश्न : आमच्या गावातील महिलांनी काही वर्षांपूर्वी मतदान करून देशी दारूचे दुकान बंद केले. घरोघर सह्या गोळा करण्यापासून मी त्या कामात होते. माझी मुलगी सध्या समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेत असून, व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्यांचे सामाजिक समावेशन हा तिच्या लघुप्रबंधाचा विषय आहे. ती मला म्हणाली, ‘आई, तुम्ही दुकान घालवलेत, पण पिणाऱ्या माणसांनाही वाळीत टाकलेत.’ हे मला फार लागले. आमचे चुकले का? आणि अशा संशोधनाचा धोरणाला खरोखर काही उपयोग होतो का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचे चुकले नाही. गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे दुकान बंद करण्याला, मत द्यावे लागते, ही अट किती कठीण आहे, हे त्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना केंद्रापर्यंत नेणाऱ्या बाईलाच ठाऊक असते. दारू सहज मिळेनाशी झाली की नव्याने पिऊ लागणाऱ्यांना आळा बसतो आणि घरातली मारहाण कमी व्हायला मदत होते. म्हणून तो निर्णय माझ्या मते योग्यच होता. परंतु तुमच्या मुलीचा प्रश्न दुकानाचा नाही, तो माणसाचा आहे. मालाचा पुरवठा रोखणे ही एक गोष्ट आणि तो माल घेणाऱ्याला शिक्षा करणे किंवा दूर ठेवणे ही अगदी वेगळी गोष्ट, आणि आपल्याकडे कायद्यापासून चावडीपर्यंत या दोहोंची सतत गल्लत होते.

बिहारचे उदाहरण घ्या. तेथे २०१६ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली, तेव्हा पिणाऱ्यालाही कडक तुरुंगवासाची तरतूद होती. न्यायालयांत खटल्यांचे आणि जामीनअर्जांचे ढीग साचले, तुरुंग भरले आणि अखेर २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून पहिल्यांदा सापडलेल्याला दंड भरून सुटण्याची वाट द्यावी लागली. पोर्तुगालने २००१ मध्ये वेगळा मार्ग धरला. अमली पदार्थ तेथे आजही बेकायदेशीरच आहेत. मात्र दहा दिवसांच्या वैयक्तिक वापराइतका साठा जवळ सापडला, तर त्या व्यक्तीला फौजदारी न्यायालयाऐवजी तीन जणांच्या समितीपुढे नेतात आणि त्या समितीवर कायदा, आरोग्य आणि समाजकार्य या क्षेत्रांतील माणसे असतात. समाजकार्याला असे धोरणाच्या आत स्थान मिळणे मला फार मोलाचे वाटते. त्याच्या जोडीला उपचारांची सोय वाढवली गेली आणि व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला कामावर ठेवणाऱ्या मालकांना मजुरीसाठी सरकारी हातभार मिळाला. या सोबतच्या सेवा बाजूला ठेवून केवळ ‘शिक्षा काढली’ एवढेच सांगणारे लोक अर्धीच गोष्ट सांगतात.

आपल्याकडची खरी उणीव याच सेवांची आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो आणि १८० जणांपैकी एकालाच दाखल होऊन उपचार मिळतात, असे त्यात आढळले. त्या एकाचे घरी परतल्यावर काय होते, हे मात्र अशा आकड्यांतून दिसत नाही, आणि तुमच्या मुलीचे काम तिथूनच सुरू होते.

मी पाहिलेला एक गवंडी सांगते. तीन महिने दारूपासून दूर राहून तो कामावर परतला. मुकादमाने त्याला घेतले, पण थापी न देता घमेली उचलायला लावली. शनिवारी मजुरीचे पैसे त्याच्या हाती न देता, त्याच्यासमोरच, त्याच्या बायकोला बोलावून मोजून दिले. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. उलट सगळ्यांना त्याची काळजीच होती. त्याची थापी आणि ओळंबा पिशवीतच राहिले. महिनाभर त्याने सोसले आणि मग पुन्हा प्यायला. त्याची तलफ किती तीव्र होती, हे केंद्राच्या फाइलमध्ये सविस्तर नोंदवलेले होते. परंतु बारा वर्षे भिंती बांधणाऱ्या माणसाच्या हातात घमेले आले, ही नोंद कुठेच नव्हती. दुसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी ओळंबा त्याच्या हाती दिला. तेवढ्यामुळेच तो सावरला, असे मी म्हणणार नाही, पण तो टिकला, हे खरे.

म्हणून तुमच्या मुलीला माझे सांगणे असे की, केंद्रात बसून प्रश्नावली भरून घेऊ नकोस. तिथे पाठपुराव्याला येणारे बहुधा सावरलेलेच असतात. घसरलेले येतच नाहीत आणि मग निष्कर्ष गोड निघतात. किती दिवस प्यायला नाही, एवढेच न विचारता मजुरी कोणाच्या हाती पडते, लग्नाची पत्रिका त्याच्या नावाने येते का, बचत गटात त्याच्या बायकोला कर्ज मिळते का, गावात त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, हेही विचारावे. ‘बेवडा’ आणि ‘गर्दुल्ला’ या शब्दांनी माणूस उपचारापर्यंत पोचण्याआधीच परत फिरतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून हे काम चालू आहे आणि तिथे उपचारासाठी आलेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात, त्यामागे मोठा विचार आहे. स्त्रियांकडे तर तिने मुद्दाम लक्ष द्यावे, कारण त्यांचे व्यसन घरातच झाकले जाते आणि त्यांना केंद्रापर्यंत नेणारे कोणी नसते.

आणि ताई, ज्या गटाने सह्या गोळा केल्या, त्याच गटाने परतलेल्या माणसाच्या घरी जावे. तुमचा शब्द गावात चालतो.

प्रश्न : माझ्या भाच्याकडे थोडा गांजा सापडला. त्याला तुरुंगाऐवजी उपचार मिळू शकतात का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात त्याची वाट आहे. व्यसनाधीन व्यक्तीवर केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असेल आणि तिने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात उपचार घेतले, तर कलम ६४-अ नुसार तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले, तर हे संरक्षण काढूनही घेता येते. गांजासाठी अल्प प्रमाणाची मर्यादा एक किलो आहे. दोषी ठरल्यावरही कलम ३९ खाली न्यायालय उपचारासाठी सोडू शकते. अडचण अशी की, हे संरक्षण व्यसनाधीन व्यक्तीसाठी आहे. कधीमधी ओढणारा मुलगा त्यात बसेलच असे नाही, आणि ही त्रुटी मला गंभीर वाटते. वकिलाला या दोन कलमांविषयी पहिल्याच भेटीत विचारा, १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर फोन करून जवळच्या केंद्राची माहिती घ्या, आणि भाच्याचे शिक्षण किंवा नोकरी चालू असेल, तर ती या धावपळीत सुटू देऊ नका.