कप्पडचा दगड कोणी रोवला?

प्रश्न : केरळच्या सहलीत कोळिकोडजवळच्या कप्पड किनाऱ्यावर, वास्को द गामा १४९८ मध्ये येथे उतरल्याचे सांगणारा एक लहानसा स्तंभ पाहिला. तो खुद्द गामानेच उभारला होता काय?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नाही. त्यावरील लेख इंग्रजीत आहे, आणि पोर्तुगीज खलाशांनी तो इंग्रजीत कोरण्याचे काहीच कारण नव्हते. ही नंतरच्या काळातील स्मृतिशिळा आहे.

पोर्तुगीज दर्यावर्दी स्वतः जे स्तंभ रोवत, त्यांना त्यांच्या भाषेत ‘पाद्रांव’ म्हणत. १४८२ मध्ये दियोगो कांव याने काँगो नदीच्या मुखाशी असा स्तंभ उभारला. वर क्रूस आणि त्याखाली राजचिन्ह असलेले हे चुनखडीचे स्तंभ मायदेशीच घडवून जहाजातून नेले जात, म्हणजे कोठे पोहोचणार हे ठाऊक होण्याआधीच हक्काची खूण तयार असे! आपल्याकडील उपमा द्यायची तर कप्पडचा दगड वीरगळाच्या जातीचा, गेलेल्याची आठवण सांगणारा; पाद्रांव मात्र शिवेच्या दगडासारखा, आणि तोही दुसऱ्याच्या शिवारात रोवलेला. केनियातील मालिंदी येथे गामाच्या नावाचा स्तंभ आजही समुद्राकाठी उभा आहे. तेथील सुलतानाने दिलेल्या वाटाड्याच्या मदतीनेच त्याची जहाजे मलबारला लागली.

कप्पडच्या लेखातील ‘उतरला’ या शब्दाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. २० मे १४९८ रोजी जहाजांनी या परिसरात नांगर टाकला खरा. परंतु कोळिकोड नगरात प्रथम गामा नव्हे, तर जहाजावरील एक शिक्षा झालेला कैदी पाठवला गेला, आणि सामूतिरीच्या, म्हणजे कोळिकोडच्या राजाच्या, सूचनेवरून जहाजे पंतलायनी येथे हलवल्यानंतर, २८ मे रोजी, गामा तेरा माणसांसह किनाऱ्यावर आला. याच सफरीतील एकाच्या रोजनिशीत, वाटेतल्या गावी भात, भरपूर लोणी आणि उकडलेले मासे मिळाल्याची नोंद आहे. दगडावरच्या एका ओळीपेक्षा मला ही नोंद अधिक बोलकी वाटते.

पाद्रांवची आठवण सांगलीपासून जवळच्या किनाऱ्यावर शोधायची असेल, तर उडुपीजवळच्या मालपे बंदरासमोरील सेंट मेरी बेटांवर जावे. परतीच्या वाटेवर गामाने रोवलेल्या ‘सांता मारिया’ स्तंभावरूनच त्यांना हे नाव पडले, असे सांगितले जाते.