गोळी घेतलीस का?

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लग्नाला वर्ष होत नाही तोच बायकोला मॅनियाचा, म्हणजे बेभान उत्साहाचा, पहिला झटका, मग दवाखाना, आणि आता घरी आलेली ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून. 'जिच्याशी लग्न केलं ती ही नव्हेच,' असं लिहिलंयस. हे वाक्य मीही बोललेय. माझ्या नवऱ्यालाही बायपोलर आहे, म्हणजे कधी मॅनिया तर कधी डिप्रेशन येणारा हाच आजार, २४ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. तू आज जिथे उभा आहेस तिथून गेलेय, एवढंच.

तिच्या डोळ्यांत सध्या तुझ्यासाठी काही दिसत नाही, याचा अर्थ तुझ्यावरचं प्रेम आटलं असा लावू नकोस. मॅनिया ओसरल्यावर डिप्रेशन येणं नेहमीचंच आहे, आणि त्यात माणसाला स्वतःचंही काही वाटेनासं होतं. त्यात काही औषधांनी शरीराची ओढही मंदावते. हे संकोचापायी कुणी बोलत नाही. मग नवरा 'मी हिला नकोसा झालोय' असं धरून बसतो आणि बायको गुपचूप गोळ्या बंद करते. दोघांनी मिळून डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डोस कमी-जास्त करता येतो, औषध बदलता येतं. फक्त परस्पर काही थांबवू नका.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र औषधांच्या बाबतीतली नव्हती. एकदा मी नवऱ्याला न विचारता घरातली बरीच मोठी रक्कम माझ्या बहिणीला दिली. तो चिडला, आणि चिडणं रास्तच होतं. मी काय विचारावं? 'आज गोळी घेतलीस का?' तो बोलायचा थांबला. उठून गोळ्यांची डबी आणली, माझ्यापुढे उघडून ठेवली. सोमवारपासून त्या दिवसापर्यंतचे सगळे कप्पे रिकामे. म्हणाला, 'घेतलीय. तरीही मला राग आलाय.' त्याच्या प्रत्येक रागाला, मोठ्याने हसण्याला, नव्या कल्पनेला मी आजाराचं लक्षण ठरवत होते. त्याला साधं भांडायचीही सोय मी ठेवली नव्हती.

१९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या संशोधकाला एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचे जे रुग्ण इस्पितळातून बायकोकडे किंवा आईवडिलांकडे परतले, ते भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडले. पुढच्या अभ्यासांत दिसलं की सतत टीका, राग आणि अतिकाळजी यांनी आजार उलटण्याचा धोका वाढतो. बायपोलरमध्येही तेच दिसलं. अतिकाळजीसुद्धा, हे नीट वाच. आपण शुभंकर, म्हणजे काळजी घेणारे, झालो की शुभार्थीच्या, म्हणजे आजारी माणसाच्या, श्वासावरही पहारा ठेवू लागतो. आजार जवळच्या माणसांमुळे होत नाही, तो दोष स्वतःवर घेऊ नकोस. पण घरातला ताण कमी करणं आपल्या हातात असतं.

पहाऱ्याऐवजी करार कर. ती सावरली की, तिच्याच शब्दांत, एका कागदावर. तिचा झटका कसा सुरू होतो? आमच्याकडे झोपेपासून. तीन-चार तास झोपून तो ताजातवाना उठला आणि दोन दिवस तसंच चाललं, की डॉक्टरांना फोन करायचा, हे त्याने स्वतः लिहिलंय. तेव्हा बँकेचं कार्ड माझ्याकडे द्यायचं, हेही. झटक्याच्या भरात हे सुचवलंस तर तू तिला शत्रू वाटशील. आधी ठरलेलं असेल तर निदान दाखवायला तिचं अक्षर असतं.

मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. बायपोलरसाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला घातक ठरू शकतं, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बायपोलर उलटण्याचा धोका जास्त असतो.

मॅनियात ती तुला जे बोलली, ते 'आजाराने बोलवलं' हे खरं. पण तुला लागलं हेही खरंच आहे. ते कुणापाशी तरी बोल. तिच्यापाशीही, ती ऐकू शकेल तेव्हा. सोडून जावं का, असंही विचारलंयस. असा विचार येतो म्हणून तू वाईट ठरत नाहीस. राहिलंच पाहिजे असं मी सांगणार नाही, काहींनी वेगळं होणंच योग्य असतं. फक्त झटक्याच्या आठवड्यांत तो निर्णय घेऊ नकोस. मारहाण झाली तर मात्र वाट पाहू नकोस, आधी सुरक्षित जागी जा आणि मग मदत बोलाव. आणि तिच्या तोंडून मरणाची भाषा आली तर सरळ विचार, 'जीव द्यावासा वाटतोय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

हे पत्र तिच्यापासून लपवू नकोस. सध्या तिला दोन ओळींपलीकडे वाचवत नसेल, तर ठेवून दे. वाचेल तेव्हा यातलं काय चुकलंय ते तिला विचार, आणि मला कळव.

तुझी,
मावशी