मुंबई अंडर-१९ मध्ये नाव न आलेल्या मुलाला अमेरिकेकडून खेळण्यासाठी तिकडे पाठवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा १९ वर्षांचा, डावखुरा स्पिनर. मुंबई अंडर-१९ च्या संभाव्य खेळाडूंपर्यंत पोचला, पुढे यादीत नाव आलं नाही. मामा न्यू जर्सीत आहे. तिथे जाऊन अमेरिकेकडून खेळता येईल का, आणि खेळला तर लोक काय म्हणतील?

मी मुंबईतल्या पावसाळी कांगा लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये सहा पावसाळे चिखल तुडवलाय आणि गेली चौदा वर्षं न्यू जर्सीत आहे. शनिवार-रविवार इथल्या लीगमध्ये अंपायरिंग करतो. तेवढ्या जोरावर सांगतो: मुलाला शिकायला पाठवा आणि किटबॅग सोबत द्या. फक्त क्रिकेटसाठी पाठवू नका.

तुमच्या डोळ्यांसमोर सौरभ नेत्रावळकर असणार, मुंबईतून येऊन अमेरिकेकडून खेळलेला वेगवान गोलंदाज. सगळ्यांच्याच असतो. पण त्याची गोष्ट लोक पाकिस्तानविरुद्धच्या सुपर ओव्हरपासून (टाय सामन्याचा निकाल लावणारी जादा ओव्हर) सुरू करतात, तिथेच घोळ होतो. २०१० च्या न्यूझीलंडमधल्या अंडर-१९ वर्ल्ड कपमध्ये तो के. एल. राहुल, मयांक अग्रवाल, जयदेव उनाडकट यांच्यासोबत भारताकडून खेळला. भारताकडून सर्वाधिक विकेट त्याच्या होत्या. त्यानंतर मुंबईकडून रणजीचा सामना मिळाला तो २०१३ मध्ये, आणि तोही एकच. दरम्यान पठ्ठ्याने इंजिनीअरिंग पुरं केलं होतं. २०१५ मध्ये कॉर्नेलला मास्टर्ससाठी गेला, मग ओरॅकलमध्ये लागला. क्रिकेट सुटल्यातच जमा होतं. इथे हळूहळू वीकेंडचे सामने खेळत खेळत पुन्हा सुरू झालं आणि २०१८ मध्ये तो अमेरिकेचा कप्तान झाला.

मग ६ जून २०२४, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. डॅलसजवळचं ग्रँड प्रेरी, सामना टाय, सुपर ओव्हरमध्ये पाकिस्तानला १९ धावा हव्या होत्या आणि याने १३ दिल्या. समोरचा कप्तान बाबर आझम, २०१० मध्ये भारताला हरवणाऱ्या पाकिस्तानच्या अंडर-१९ संघातला. मी सोफ्यावर उभा राहून ओरडलो, बायकोने शेजाऱ्यांची माफी मागितली. पण भारत सोडण्यापासून त्या ओव्हरपर्यंत नऊ वर्षं गेली, आणि त्या वर्षांचं घरभाडं इंजिनीअरच्या पगारातून गेलं. हा भाग हायलाइट्समध्ये दाखवत नाहीत.

याउलट उन्मुक्त चंद पाहा. भारताला २०१२ चा अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकून देणारा कप्तान, टाउन्सव्हिलच्या फायनलमध्ये नाबाद १११. ऑगस्ट २०२१ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने भारतातल्या क्रिकेटमधून निवृत्ती घेतली आणि इथे आला. पात्रतेची वर्षं मोजत खेळत राहिला. २०२४ च्या वर्ल्ड कपला अमेरिकेचे पंधरा जाहीर झाले, त्यात तो नव्हता. याच २०१२ च्या संघातला हरमीत सिंग मात्र होता. तुमच्या मुलासारखाच मुंबईचा डावखुरा स्पिनर. रणजी खेळला, मुंबईतून त्रिपुरात गेला, मग इथे आला. मे २०२४ मध्ये अमेरिकेने बांगलादेशाला हरवलं त्या सामन्यात त्याने १३ चेंडूंत नाबाद ३३ केल्या. मुलाला सांगा, बॅटिंगकडेही बघ. नुसत्या स्पिनरला इथे मोठी रांग आहे.

आता आयसीसीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा नियम. तीनपैकी एक गोष्ट लागते: जन्म त्या देशातला, पासपोर्ट त्या देशाचा, किंवा सलग तीन वर्षं तिथे वास्तव्य. तुमच्या मुलाला तिसरीच वाट आहे. सुट्टीत मामाकडे येऊन-जाऊन ती पुरी होत नाही, इथे खरोखर राहावं लागतं. आणि राहायचं म्हणजे व्हिसा. इथे बहुतेक पालक गडबडतात. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलाला परवानगीशिवाय कॉलेजबाहेर पैसे घेऊन काम करता येत नाही आणि क्लबने खेळण्याचे पैसे दिले तर तेही कामच. ‘आमच्याकडून खेळ, वरचेवर काहीतरी देऊ’ असं कोणी म्हणालं तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलर घेऊ नये. टेनिसवाल्यांना मिळते तशी स्पोर्ट्स स्कॉलरशिपही धरून चालू नका. अमेरिकन कॉलेजांच्या मुख्य क्रीडासंस्थेच्या यादीत क्रिकेटच नाही. फी तुम्हालाच भरायची आहे.

तुम्ही २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचंही लिहिलंय. ते डोक्यातून काढा. आयसीसीला वास्तव्य चालतं, ऑलिंपिकला त्या देशाचं नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्ड हातात आल्यावरही नागरिकत्वाला साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. आज कॉलेजला येणाऱ्या पोराला २०२८ गाठता येणार नाही, मग तो कितीही वळवो.

खेळायची सोय म्हणाल तर दोन अमेरिका आहेत. एक टीव्हीवरची, २०२३ मध्ये सुरू झालेली मेजर लीग, सहा संघ, परदेशी स्टार. दुसरी आमची: पार्कातलं मैदान, सिमेंटवर मॅट, बाउंड्रीला प्लॅस्टिकचे कोन, बाजूला सॉकरची पोरं. मॅटवर टप्पा पडला की चेंडू उडतो, त्यामुळे उंची देऊन फसवणारे स्पिनर दोन सीझनमध्ये सपाट टाकायला लागतात. मी डोळ्यांनी पाहिलंय, वाईट वाटतं. हिवाळ्यात तर सगळं गोदामातल्या नेटमध्ये. मैदानाबाहेरही आनंदच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आयसीसीने अमेरिकेच्या क्रिकेट मंडळाचं सदस्यत्व निलंबित केलं. संघाला खेळू दिलं जातं, पण करिअर ज्यांच्या भरवशावर उभं करायचं त्यांचं घर असं आहे.

आणि हो, घाईघाईत इथल्या लीगसाठी बीसीसीआयला निवृत्तीचं पत्र लिहू नका. भारतात खेळत असलेल्या खेळाडूंना बोर्ड परदेशी लीग खेळू देत नाही, म्हणून उन्मुक्तला निवृत्त व्हावं लागलं. तुमच्या मुलावर ती वेळ अजून आलेली नाही.

राहिला ‘लोक काय म्हणतील’. थोरले पतौडी (मन्सूर अलींचे वडील) आधी इंग्लंडकडून खेळले आणि १९४६ मध्ये भारताचे कप्तान झाले, तेव्हा हे काही नवं नाही. पण तुम्हाला इतिहास नको असणार, शेजारपाजारचं सांगतो. १२ जून २०२४ ला भारत-अमेरिका सामन्याला मी न्यूयॉर्कच्या नासाऊ काउंटीतल्या त्या तात्पुरत्या स्टेडियममध्ये होतो, भारताची निळी जर्सी घालून. सौरभने कोहलीला त्याच्या पहिल्याच चेंडूवर शून्यावर काढलं, मग रोहितला. आमचा सगळा स्टँड गप्प. माझ्या मागच्या रांगेत एक आजोबा होते, डोक्याला तिरंगी पट्टी. ते हळूच बायकोला म्हणाले, “अगं, मुंबईचा आहे तो.” आणि दोघांनीही टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने सूर्याने पन्नास करून सामना काढला, तेव्हाही त्यांनी टाळ्या वाजवल्या. तो सामना संपल्यावर स्टेडियम उतरवायला घेतलं. आता तिथे पुन्हा मोकळं पार्क आहे.

मुलाला कॉलेजं निवडताना आसपास कुठली लीग आहे तेवढं बघायला सांगा. न्यू जर्सी, डॅलस, ह्यूस्टन, कॅलिफोर्निया, यातलं काहीही चालेल. न्यू जर्सीला आलाच तर इथे मेसेज करा. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे नेट सुरू होतात.