पोत्यापासून घासापर्यंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लढाईमुळे घरदार सोडून आलेल्या लोकांसाठी तुमच्या गटाने गाडीभर धान्य जमवलंय, त्यात लहान मुलांसाठी दुधाच्या पावडरीचे डबेही आलेत, आणि तिथे काम करणारी संस्था मात्र "वस्तू नकोत, पैसे पाठवा" म्हणते. भुकेल्या माणसाला धान्य नको, पैसे हवेत, हे तुम्हाला पटत नाही. मी अकरा वर्षं अशा छावण्यांत शिधावाटपाचं काम केलं. पहिल्या वर्षी मलाही पटत नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मापं. आणीबाणीत एका माणसामागे दिवसाला २१०० कॅलरी धरून शिधा ठरवतात. तो साधारण असा बसतो: ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, २५ ग्रॅम तेल, जीवनसत्त्वं मिसळलेलं ५० ग्रॅम मका-सोयाबीनचं पीठ, १५ ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम आयोडीनयुक्त मीठ. बेरीज ५५५ ग्रॅम. तुमची गाडी दहा टनांची असेल आणि तिच्यात हे सगळं याच प्रमाणात असेल, तर हजार माणसांना अठरा दिवस पुरेल. छावणीत लाखभर माणसं असतील तर रोज साडेपंचावन्न टन लागतात. म्हणजे तुमच्यासारख्या साडेपाच गाड्या, दररोज. हे तुम्हाला नाउमेद करायला सांगत नाही. एक गाडी कुठे उपयोगी पडेल आणि कुठे हरवून जाईल, ते या आकड्यांवरून कळतं.

तुमच्या गाडीत नुसतं धान्य आहे, हा पुढचा मुद्दा. मोझांबिकमधल्या यादवी युद्धातून पळालेले लाखो लोक १९८० च्या दशकात शेजारच्या मलावीत आश्रयाला होते. त्यांच्या शिध्यात मुख्य धान्य मका. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहजासहजी मिळत नाही. ती उणीव शिध्यातले भुईमुगाचे दाणे भरून काढत होते. मग दाण्यांचा पुरवठा तुटला. मका येत राहिला, पोटं भरत राहिली, आणि १९९० मध्ये १८ हजारांहून जास्त लोकांना पेलाग्रा झाला. उन्हात उघड्या राहणाऱ्या हाता-मानेची कातडी काळवंडून सोलवटते, जुलाब लागतात, पुढे माणूस भ्रमिष्ट होतो. यादीतून एक जिन्नस गळला, एवढंच कारण. जी माणसं स्वतःच्या परसात काही लावू शकत नाहीत, बाजारात काही विकत घेऊ शकत नाहीत, त्यांच्या ताटात आपण पाठवू तेवढंच असतं. म्हणून त्या यादीत डाळ, तेल आणि मीठ आहे की नाही हे मी धान्याच्या टनांआधी विचारते.

आता माझ्या हातून झालेली चूक. माझ्या दुसऱ्याच छावणीत आम्ही महिन्याचा शिधा एकदम वाटला. पाच माणसांच्या घराचा महिन्याचा शिधा ८३ किलो होतो. हा हिशेब आमच्या कागदावर होता, पण ते वजन उचलणार कोण हे कुणी विचारलं नव्हतं. वाटपाची जागा छावणीच्या एका टोकाला. रांगेत बायकाच जास्त, कुणाच्या कडेवर पोर, कुणी गरोदर, कुणी साठी ओलांडलेली. दुपारपर्यंत ओझी वाहणाऱ्या तरुण पोरांची टोळी तयार झाली आणि प्रत्येक खेपेला ते धान्यातूनच मजुरी घेऊ लागले. दूरच्या झोपड्यांतल्या म्हाताऱ्यांचा हिस्सा त्यात सगळ्यात जास्त गेला.

एवढ्यावर भागलं नाही. आम्ही दिलं होतं अख्खं धान्य. छावणीच्या बाहेर एकच गिरणी होती, आणि दळणाचे पैसे कुणाकडेच नव्हते, म्हणून तिथेही धान्यच मोजून द्यावं लागलं. घरी पोचल्यावर सरपण नाही. एक बाई मला हात धरून तिच्या चुलीपाशी घेऊन गेली आणि भिजत घातलेल्या कडधान्याचं भांडं दाखवलं. ते शिजायला दोन-तीन तास लागतात, आणि तिच्याकडच्या काटक्या अर्ध्या तासाच्याही नव्हत्या. तिने निम्मं कडधान्य विकून लाकूड घेतलं होतं. त्या आठवड्यात आमच्या कचेरीत अहवाल आला की "लाभार्थी शिधा बाजारात विकत आहेत". जणू त्यांनी चोरी केली होती! मला अजूनही त्या वाक्याचा राग येतो. ती बाई दळण, सरपण, साबण आणि तापाचं औषध विकत घेत होती, कारण आम्ही यातलं काहीच दिलं नव्हतं.

पुढच्या वेळी आम्ही पंधरा दिवसांचा शिधा दिला, पोती लहान केली, वाटपाची ठिकाणं वाढवली आणि धान्याऐवजी पीठ मागवलं. पीठ लवकर खराब होतं, त्यामुळे गोदामाचं काम दुप्पट झालं. ते आम्ही केलं.

सरपणाचा प्रश्न एका घराचा राहत नाही. ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बाझारला आले. त्यांना तांदूळ मिळत होता, पण तो शिजवायला बायका-मुलं रोज डोंगरातलं लाकूड तोडायला जायची. जंगल मागे हटत गेलं, चालायचं अंतर वाढत गेलं, वाटेत मारहाण आणि अत्याचार होऊ लागले. २०१८ पासून छावण्यांत स्वयंपाकाचा गॅस देणं सुरू झालं, तेव्हा ही पायपीट थांबू लागली. अन्नमदतीच्या हिशेबात मी गॅसचं सिलिंडरही धरते, ते यामुळे.

आता पैशांकडे येते. लोक पळून येतात तिथे बाजार चालू असेल, तर रोख रक्कम किंवा खरेदीचं कार्ड बहुतेक वेळा धान्यापेक्षा चांगलं. घरातली बाई स्वतः ठरवते की आज भाजी घ्यायची, की दळण, की पोराचं औषध. मधली वाहतूक, गोदाम, उंदीर, हमाली हे सगळं वाचतं. जॉर्डनमधल्या झातारी छावणीत २०१६ पासून सीरियन निर्वासित डोळ्याच्या बुबुळाची खूण देऊन, त्यांच्या नावे जमा झालेल्या मदतीच्या रकमेतून, दुकानातून हवं ते घेऊ लागले. सुदानात १५ एप्रिल २०२३ ला युद्ध पेटलं, आणि जिथे मोठ्या संस्थांच्या गाड्या पोचूच शकत नव्हत्या तिथे गल्लीतल्या तरुणांनी 'आपत्कालीन कक्ष' उभे केले. त्यांची सामुदायिक स्वयंपाकघरं, ज्यांना तिथे 'तकाया' म्हणतात, मोबाइलवरून आलेल्या पैशांवर चालली. मोठं पातेलं, एक चूल, शेकडो माणसांचं जेवण. पळून आलेल्या कुटुंबाकडे पहिल्या दिवसांत ना भांडं असतं ना चूल, तेव्हा असं शिजवलेलं अन्न किंवा पोषक बिस्किटंच खरी कामाची. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा यातली शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. चालवणारी माणसं तिथेच होती, पातेली तिथेच होती. पैसा संपला.

पण "नेहमी पैसेच" असंही मी म्हणणार नाही. वेढा पडलेल्या गावात पैसा कागद होतो. सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुर प्रांतातल्या अल फाशर शहराला वेढा पडला, तेव्हा लोक शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली पेंड खाऊन राहिले, जी एरवी गुरांना घालतात. त्या शहराजवळच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये दुष्काळ असल्याचं अधिकृतपणे सांगितलं गेलं. हा शब्द सहज वापरत नाहीत. पाचातल्या एका घराला अन्नाची पराकोटीची टंचाई, तीस टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू, एवढं झालं की तो लागू होतो. म्हणजे तो जाहीर होईपर्यंत पुष्कळ माणसं गेलेली असतात. अशा ठिकाणी लागतो तो रस्ता. विमानातून पोती टाकता येतात, पण त्याचा खर्च रस्त्याच्या कित्येक पट येतो आणि खाली पडलेलं पोतं जो आधी धावेल त्याचं होतं. लोकांना उपाशी ठेवणं हे लढाईचं हत्यार म्हणून वापरण्याचा निषेध करणारा २४१७ क्रमांकाचा ठराव सुरक्षा परिषदेने मे २०१८ मध्ये केला. तरी गाड्या नाक्यांवर अडतातच.

रस्ता उघडला तरी वाटप कुणाच्या हातात आहे, यावर सगळं ठरतं. १९९४ मध्ये रवांडातल्या हत्याकांडानंतर तिथून लाखो लोक काही दिवसांत झाईरमधल्या (आताच्या काँगोतल्या) गोमाला पोचले. सुरुवातीला शिधा जुन्या गावपुढाऱ्यांच्या हवाली केला गेला. त्या पुढाऱ्यांत ते हत्याकांड घडवणारेही होते. धान्य त्यांच्यापाशी अडलं, आणि ज्या घरांत कर्ता पुरुष नव्हता तिथली मुलं जास्त कुपोषित निघाली. पुढे थेट कुटुंबांना वाटप करावं लागलं. अंतराचंही तसंच. गाझात संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत सुमारे ४०० वाटपकेंद्रं होती. इस्रायल आणि अमेरिकेच्या पाठिंब्याने मे २०२५ अखेर सुरू झालेल्या नव्या व्यवस्थेत चार. अन्नासाठी जाताना जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हजारांहून जास्त माणसं मारली गेली, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने सांगितलं. लढाई चालू असताना लोकांना अन्नापर्यंत चालायला लावणं मला कधीच मान्य होणार नाही. अन्न त्यांच्यापर्यंत गेलं पाहिजे.

एक गोष्ट बाहेरून दिसत नाही: हे महिन्या-दोन महिन्यांचं काम नसतं. कॉक्स बाझारचीच गोष्ट पुढे सांगते. २०२३ मध्ये निधी आटला आणि माणशी महिन्याला १२ डॉलरचा शिधा मार्चमध्ये १० वर, जूनमध्ये ८ वर आला. दिवसाला २७ सेंट! लोक येऊन सहा वर्षं होत आली होती, बातम्यांतून ते केव्हाच गेले होते. तुमच्या गटाने एका गाडीचा जोर बारा महिन्यांवर पसरवला, तर एका स्वयंपाकघराला पुढच्या महिन्याचा भरवसा मिळतो. चालवणाऱ्याच्या दृष्टीने त्याची किंमत मोठी आहे.

मग जमलेल्या धान्याचं काय? फेकू नका आणि आंधळेपणाने पाठवूही नका. छावणीच्या शंभरेक किलोमीटरच्या आत, म्हणजे वाहतूक धान्याहून महाग पडणार नाही इतक्या जवळ, सामुदायिक स्वयंपाकघर चालवणारं कुणी असेल तर त्यांना फोन करा. त्यांच्याकडे इंधन किती दिवसांचं आहे, पाणी कुठून येतं, तेल-डाळ आहे का, हे धान्य तिथले लोक खातात का, एवढं विचारा. ते म्हणाले "धान्य आहे, तेल नाही", तर धान्य इथेच विकून तेलाचे पैसे पाठवा. कुणी जवळ नसेल तर सगळंच विकून रक्कम त्या संस्थेला द्या, आणि रक्कम कुठे गेली त्याचा हिशेब हक्काने मागा. खरी संस्था तो देते.

दुधाच्या पावडरीचे डबे मात्र गाडीत अजिबात घालू नका. यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही. ती पावडर कालवायला उकळलेलं पाणी आणि स्वच्छ बाटली लागते, छावणीत दोन्ही नसतात. फुकट डबा हाती आला की घाबरलेली आई अंगावरचं पाजणं कमी करते, दूध आटतं, आणि बाळाला जुलाब लागतात. एरवी जगलं असतं असं बाळ त्यात दगावतं. ज्या बाळाला आईचं दूध मिळणारच नाही त्याची व्यवस्था आरोग्यसेविका एकेका बाळाला तपासून करतात.

थोड्या मोठ्या, खंगलेल्या मुलांना साधा शिधाही पुरत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरच्या खाली गेला की त्याला उपचाराचा आहार लागतो. ९२ ग्रॅमच्या पुडीत ५०० कॅलरी असलेली शेंगदाण्याची पेस्ट असते. पाणी नको, चूल नको, आई पुडी फाडून थेट भरवू शकते. १९९६ च्या सुमारास ही पेस्ट तयार झाली. त्याआधी अशा मुलांना आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवावं लागायचं. तुमच्या गटाला "मुलांसाठीच काहीतरी" द्यायचं असेल, तर त्या छावणीत ही पेस्ट देणारं पोषणकेंद्र कोण चालवतं ते शोधा आणि डब्यांचे पैसे तिकडे वळवा. न उघडलेले डबे दुकानदार परत घेतो का, ते आजच विचारून बघा.