चेंडू उजवीकडे का वळतो?

प्रश्न : मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो आणि रविवारी खारघर व्हॅलीच्या मैदानावर जातो. ड्रायव्हरचा (सर्वांत लांब फटक्याच्या काठीचा) फटका डावीकडे सुटून उजवीकडे वळतो आणि एकूण फटक्यांचा स्कोअर शंभराखाली येत नाही. नवा ड्रायव्हर घ्यावा का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : तूर्त घेऊ नये. आपण वर्णन केलेला फटका म्हणजे ‘स्लाइस’ होय. क्लब (काठी) बाहेरून, म्हणजे चेंडूच्या पलीकडून, आत येतो आणि आघाताच्या क्षणी त्याचा दर्शनी भाग त्या मार्गाच्या तुलनेत उघडा राहतो, म्हणून चेंडूला उजवीकडे वळवणारी फिरकी मिळते. प्रथम पकड तपासावी. चेंडूसमोर उभे राहून खाली पाहिल्यावर डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले एकच पेर दिसत असेल, तर दोन-तीन दिसतील इतका तो हात उजवीकडे वळवावा. त्यानंतर चेंडूच्या पलीकडे, किंचित मागच्या बाजूला, क्लबचे रिकामे कव्हर ठेवून सात नंबरच्या आयर्नने (मध्यम अंतराच्या क्लबने) अर्धा स्विंग करावा. कव्हराला धक्का लागला, तर क्लब अजूनही बाहेरूनच येतो आहे असे समजावे. तोवर ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या, सोबती हसले तरी.

स्कोअरचे म्हणाल, तर पार ७२ च्या, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या ७२ फटक्यांच्या, हिशेबात ३६ फटके पटिंगचेच (हिरवळीवरून चेंडू भोकात ढकलण्याचेच) धरलेले असतात आणि तरीही सरावाचा सारा वेळ ड्रायव्हरवर जातो, हे हौशी खेळाडूंचे जुनेच दुखणे आहे. निम्मा वेळ चिपिंगला (हिरवळीजवळच्या छोट्या फटक्यांना) आणि दोन मीटरच्या आतील पटला द्यावा. हँडिकॅपची, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याची, चिंता नको. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांतील सर्वोत्तम ८ फेऱ्यांचीच सरासरी काढली जाते.