महाभियोगामुळे अमेरिकेच्या किती राष्ट्राध्यक्षांना पद सोडावं लागलं?

एकालाही नाही. महाभियोग म्हणजे फक्त आरोप ठेवणं. ते काम प्रतिनिधिगृहाचं. पदावरून काढायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात, आणि घोडं तिथेच अडतं.

सगळ्यात जवळ पोचला होता अँड्र्यू जॉन्सनचा खटला, 1868 सालचा. सज्जात बसून तो बघायला लोकांसाठी चक्क तिकिटं छापली होती! कॅन्ससचे सिनेटर एडमंड रॉस यांनी स्वतःच्याच पक्षाविरुद्ध जाऊन ‘दोषी नाही’ म्हटलं. 35 विरुद्ध 19. एक मत कमी पडलं. मला हा प्रसंग फार थरारक वाटतो.

पुढे क्लिंटन एकदा आणि ट्रम्प दोनदा (महाभियोग 2019 आणि 2021 मध्ये) असेच सुटले. निक्सन यांचं नाव लोक हमखास घेतात, पण त्यांनी प्रतिनिधिगृहात मतदान होण्याआधीच, ऑगस्ट 1974 मध्ये राजीनामा दिला.